मिटिंगच्या आधीचा अर्धा तास

आमच्या पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, मंथली मिटिंगला आशा ताया (गावागावात घरोघर आरोग्याचं काम करणाऱ्या कार्यकर्त्या) आता अर्धा तास आधीच येऊन बसतात, कुणी बोलवत नाही तरी. आजूबाजूच्या पीएचसीतल्या सिस्टर फोन करून विचारतात की तुमच्याकडं नक्की चाललंय काय, आणि ते फोनवर सांगून होत नाही, म्हणून दमलेल्या आम्ही त्या अर्ध्या तासात एकमेकींना कसं सावरतो ते एकदा सविस्तर लिहिते.

मी सुपरवायझर. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेलगत, निपाणी-चिकोडी पट्ट्यात नदीकाठचं आमचं पीएचसी. सुपरवायझर व्हायच्या आधी मी सबसेंटरला (गावच्या उपकेंद्राला) एएनएम, म्हणजे गावची नर्स, होते त्यामुळं गावातलं काम मला आतून माहिताय. आमच्या आशा बहुतेक सगळ्या मराठी बोलणाऱ्या, एएनएम निम्म्या विजयपूर-बागलकोटकडच्या, कन्नड बोलणाऱ्या, डॉक्टर बदलत राहणारे. कागद कन्नडमधे, ॲप इंग्रजी नाहीतर कन्नडमधे, आणि ज्या उंबऱ्यात उभं राहायचं तिथलं बोलणं मराठी. हे रोजचंच आहे, त्याची तक्रार म्हणून नाही लिहीत, पण दमणूक कुठनं कुठनं येते हे कळायला ते सांगावं लागतं.

2019 च्या ऑगस्टमधे कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा सगळ्याच चढल्या. यमगर्णीजवळ हायवेवर पाणी आलं आणि कोल्हापूरकडची वाट बंद झाली. आमच्या कितीतरी आशांची स्वतःची घरं पाण्यात होती आणि त्या शाळेतल्या निवारा केंद्रात बसून गरोदर बायकांच्या याद्या करत होत्या, ओआरएसची पाकिटं वाटत होत्या, पाण्यात टाकायच्या क्लोरिनच्या गोळ्या घरोघर पोचवत होत्या. भिंती नीट वाळल्या न वाळल्या तोवर 2020 चा मार्च आला. कोगनोळीला चेकपोस्ट बसलं, मुंबई-पुण्याहून आलेल्यांच्या याद्या, हातावर शिक्के, दारावर नोटीस, आणि हे सगळं कुणाच्या दारात तर ज्यांच्याबरोबर लहानपणी खेळलो, ज्यांच्या लग्नात पंगती वाढल्या त्यांच्याच. लोक अंगावर यायचे. एका ताईच्या सख्ख्या चुलत सासऱ्यानं तिला सांगितलं की परत या दारात पाय ठेवायचा नाही, आणि तिला दुसऱ्या दिवशी परत तिथंच जायचं होतं कारण लिस्टला नाव होतं. मग 2021 ची दुसरी लाट, तो एप्रिल-मे मी इथं लिहीत नाही, ज्यांनी बघितलाय त्यांना माहिताय. आणि त्याच जुलैमधे परत पूर.

त्यानंतर सगळ्यांनी धरून चाललं की संपलं आता. पण आमच्याकडं नवीन कामांची रांग लागली होती. सबसेंटरचं वेलनेस सेंटर झालं, 2023 च्या शेवटी त्याचं नाव आयुष्मान आरोग्य मंदिर झालं, तिथं सीएचओ (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर) म्हणून नवीन पोरं-पोरी आली, एएनएमचं पदनाव बदलून पीएचसीओ झालं, 30 वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म (बीपी, शुगर, कॅन्सरचा धोका बघायचा), बीपी शुगर, आभा हे डिजिटल आरोग्य कार्ड, लसीकरणाची नोंद यू-विन पोर्टलवर, आणि जुनी रजिस्टरं काही बंद झाली नाहीत, ती चालूच. गरोदर बायकांचं तायी कार्ड (कन्नडमधे तायी म्हणजे आई) आहेच. म्हणजे बरं व्हायला मधे जागाच मिळाली नाही. 2022 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या सगळ्या आशांचा सन्मान केला तेव्हा आम्ही पीएचसीत पेढे वाटले, आनंद खराच होता, पण त्याच मिटिंगमधे दोघीजणी एका रजिस्टरवरनं इतक्या भांडल्या की एक रडत निघून गेली. दहा-बारा वर्षांच्या मैत्रिणी त्या.

तेव्हा मला वाटायला लागलं की हे भांडण रजिस्टरचं नाही.

मधे आम्हाला एक ट्रेनिंग पण मिळालं होतं, तणाव व्यवस्थापनाचं. हॉलमधे प्रोजेक्टर, डोळे मिटून श्वास घ्या, सकारात्मक विचार करा, चहा बिस्कीट, सही. वाईट काही नव्हतं त्यात. पण परत येताना टमटममधे एक आशा म्हणाली, आक्का, श्वास घ्यायला शिकवलं, पन माझं सर्व्हेचं काम कोन करनार? मला ते वाक्य लई लागलं. आणि पुढं जे काही केलं ते त्या वाक्यावरनंच सुरू झालं असं म्हटलं तरी चालेल.

मी डॉक्टरांना विचारलं की मंथली मिटिंग दहाला असते, त्याआधी साडेनऊ ते दहा वरची खोली आम्हाला द्याल का, आणि त्या वेळात टार्गेट, परसेंटेज, पेंडिंग यातलं काहीही कुणी विचारायचं नाही, तुम्ही सुद्धा नाही. तेव्हाचे डॉक्टर तरुण होते, त्यांनी एकच विचारलं, मिनिट्स लिहायचे का? मी म्हटलं नाही, काहीच लिहायचं नाही. ते हो म्हणाले. नंतर डॉक्टर बदलले तेव्हा नवीन मॅडमना परत पहिल्यापासून सांगावं लागलं, त्यांना पटायला थोडे महिने गेले, पण त्यांनी बंद केलं नाही.

सुरुवातीला कुणी काही बोललं नाही. मनातलं सांगा म्हटलं की माणूस गप्पच होतो, त्यात समोर सुपरवायझर. मग बोलणं सुरू झालं ते फोनवरनं. एकीचा मोबाईल हँग होत होता, ॲप उघडलं की बंद पडायचं, रात्री अकराला नेट बरं मिळतं म्हणून ती पोरं झोपल्यावर गच्चीवर बसून एंट्री करत होती. हे तिनं सांगितलं आणि एकदम सगळ्याच बोलायला लागल्या. कुणाचा मोबाईल मुलाच्या कॉलेजला गेलाय, कुणाला कन्नड वाचता येतं पण टाईप करता येत नाही, कुणी शेजारच्या पोराला पैसे देऊन एंट्री करून घेते. मला यातलं निम्मं माहीतच नव्हतं कारण मिटिंगमधे माझ्यापुढं फक्त आकडा यायचा, झालं किंवा पेंडिंग.

म्हणून पहिलं काम हे केलं की जोड्या लावल्या. जिला ॲप जमतं ती आणि जिला गावातली माणसं जमतात ती. आमच्यात एक थोरल्या आक्का आहेत, आशा योजना सुरू झाली त्या सुरुवातीच्या काळातल्या, त्यांना स्मार्टफोन बघितला की घाम फुटायचा, पण कुठल्याही घरात जाऊन कुणालाही लस घ्यायला तयार करतात. त्यांची जोडी एका नवीन पोरीशी लावली. ती यांची एंट्री करते, आक्का तिच्याबरोबर तिच्या अवघड घरांना जातात. फॉर्ममधले प्रश्न विजयपूरच्या आमच्या एएनएम बाईंनी मोठ्यानं वाचले आणि एका आशानं ते गावच्या मराठीत वहीत उतरवून घेतले, त्याचे फोटो सगळ्यांच्या ग्रुपवर गेले. त्या एएनएम बाईंना तोवर कुणी आपलं मानत नव्हतं, कामापुरतं बोलणं. त्या दिवशी त्यांना जेवायला दोन घरचे डबे आले. सीमाभागात भाषेवरनं बाहेर काय काय चालतं ते सगळ्यांना माहिताय, पण रात्री बाळंतीण अडली की कन्नड एएनएम आणि मराठी आशा एकाच ॲम्ब्युलन्समधे बसून जातात, हे बाहेर कुणाला दिसत नाही.

माझं ठाम मत झालंय की आधी कामाचं ओझं वाटून घ्यावं, मनाचं बोलणं त्याच्या मागनं आपोआप येतं. उलट्या क्रमानं गेलं की लोकांना वाटतं, आमचं काम कमी करायला नको म्हणून गोड बोलतात.

मनाचं बोलणं कसं आलं ते सांगते. गावात एक बाळंतीण गेली. ही गोष्ट कोविडनंतरची. अशा मृत्यूचं रिव्ह्यू होतं, ते व्हायलाच पाहिजे, नाहीतर पुढची कशी वाचणार. पण रिव्ह्यूमधे आशाला प्रश्न येतात की तू कधी गेलीस, रेफर कधी सांगितलं, ॲम्ब्युलन्सला फोन किती वाजता लावला, आणि ते सगळं बरोबर केलेलं असलं तरी ती बाई स्वतःला गुन्हेगार समजत बाहेर पडते. मग त्याच गल्लीतनं तिला रोज जायचं असतं, त्या बाळाचं वजन घ्यायला त्याच घरी जायचं असतं. आमची ती ताई महिनाभर त्या घराकडं वळून बघत नव्हती, मागच्या बोळातनं जायची.

पुढच्या अर्ध्या तासात तिनंच विषय काढला. मला त्या बाळाकडं जायला होईना, एवढंच म्हणाली. मी काही बोलायच्या आधी थोरल्या आक्का म्हणाल्या, मी येतो तुझ्यासंगं, तू दारात उभी ऱ्हा नुसती. बास. कुणी तिला तू रड म्हटलं नाही, कुणी काय झालं ते सगळं सांग म्हटलं नाही. आणि हे बरोबर आहे हे मला नंतर वाचून कळलं. जागतिक आरोग्य संघटनेची 2011 ची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका आहे, त्यात सगळा भर बघा, ऐका, जोडून द्या यावर आहे, म्हणजे माणूस सुरक्षित आहे का, त्याला आत्ता काय पाहिजे, आणि मदतीशी गाठ घालून द्या. मोठ्या धक्क्यानंतर माणसाला बसवून सगळा प्रसंग एका बैठकीत खोदून काढणं त्यांनी करू नका असंच सांगितलंय, त्यानं फायदा होत नाही, काहींना त्रास वाढू शकतो. आमच्याकडं नेमकं खोदायचीच सवय आहे, काय झालं, कसं झालं, मग तू काय केलंस. आता खोलीत एवढंच ठरलंय की ज्याला बोलायचं त्यानं बोलावं, गप्प बसला तरी चालतं, आणि खोलीतलं खोलीत. मी सुपरवायझर म्हणून इथं ऐकलेलं कुणाच्या कामाच्या रिपोर्टात आणायचं नाही. हे पाळायला मला कठीण गेलं नाही पण त्यांना माझ्यावर विश्वास बसायला बरेच महिने लागले, आणि ते साहजिक आहे.

आक्का तिच्याबरोबर गेल्या. बाळाच्या आजीनं दार उघडलं आणि तिनंच हिला पाणी दिलं. ते बाळ आता शाळेत जायच्या वयाला आलंय, त्याचे सगळे डोस तिनंच पूर्ण केलेत.

पण सगळंच काही मैत्रिणींनी भागत नाही, हेही स्पष्ट लिहायला पाहिजे. एक ताई होती, झोप नाही, जेवण तुटलेलं, पहाटे तीनला उठून बसायची, आणि जगून काय करायचं असं बोलून गेली. त्या क्षणी गप्पांनी बरं होईल म्हणून थांबायचं नसतं. सरळ विचारायचं, जीव द्यायचं मनात येतंय का? विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, हे आम्हाला शिकवलंय आणि ते खरं आहे. ती हो म्हणाली. मग तिला एकटं ठेवलं नाही, नवऱ्याला विश्वासात घेतलं, फवारणीचं औषध घरातनं बाहेर काढायला लावलं कारण शेतकऱ्याच्या घरी ते हाताशीच असतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन गेलो. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी मानसोपचाराचे डॉक्टर येतात, मनोचैतन्य म्हणून कार्यक्रम आहे कर्नाटकात, पण आम्ही मंगळवारची वाट बघितली नाही, बेळगावला नेलं. तिची एकच भीती होती, गावात कळलं तर लोक म्हणतील हीच येडी, ही काय आमाला गोळ्या देनार. म्हणून आम्ही जोडीनं गेलो, मिटिंगला जातोय म्हणून. ती गोळ्या घेऊन बरी झाली, काम करते. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी सरकारी हेल्पलाईनचा, नंबर आहे, 2022 च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, फुकट, दिवसरात्र, भाषा निवडता येते. हा नंबर आम्ही लोकांना द्यायचो, भिंतीवर चिकटवायचो, आणि आपल्याला पण लागू शकतो हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात नव्हतं. आता तो आमच्या सगळ्यांच्या फोनमधे सेव्ह आहे.

सीएचओ आणि एएनएम यांचं प्रकरण वेगळंच. वीस-पंचवीस वर्षं सबसेंटर सांभाळलेली बाई, गावातलं प्रत्येक मूल तिच्या हातात जन्मलेलं, आणि एक दिवस बीएस्सी नर्सिंग करून सहा महिन्यांचा कोर्स केलेली पोरगी येते, कंत्राटी, वयानं मुलीएवढी, आणि टेबल-खुर्ची तिची होते. एएनएमला वाटतं मला बाजूला केलं. पोरीला वाटतं मला कुणी घरातलं मानत नाही, पगार वेळेवर येईल का, कॉन्ट्रॅक्ट पुढं चालेल का. दोघींचं दुखणं खरं, आणि दोघी एकमेकींवर काढायच्या. लोकांना पण कळेना कुणाकडं जायचं.

इथं अर्ध्या तासानं भागलं नाही. मी सबसेंटरला जाऊन दोघींना एका कागदावर आठवड्याची कामं लिहायला लावली, कुणाचं काय, आणि त्यातलं जे दोघींच्याही वाट्याला आलं होतं ते मोठ्यानं वाचलं. बीपी-शुगरच्या पेशंटचा फॉलोअप, गोळ्यांचा स्टॉक, ई-संजीवनीवरनं (ऑनलाईन सल्ल्याच्या सरकारी सेवेवरनं) डॉक्टरांशी बोलणं हे सीएचओचं, गरोदर बायका, लसीकरण एएनएमचं, आणि घरभेटीला महिन्यातनं काही दिवस दोघी एकत्र. एकत्र जाण्यानं फरक पडला. पोरीला कळलं की बाईंना कुठल्या घरात नवरा पितो, कुठल्या घरात सून उपाशी असते हे तोंडपाठ आहे. बाईंना कळलं की पोरगी शुगरचं चांगलं समजावून सांगते आणि लोक ऐकतात. आणि खुर्चीचं म्हणाल तर पंचायतीकडनं दुसरी खुर्ची आणि टेबल मागून आणलं. साधी गोष्ट होती, पण आधी कुणी मागितलीच नव्हती. सगळ्याच सबसेंटरला जमलं असं नाही, एका ठिकाणी अजून दोघी कामापुरतंच बोलतात आणि मी ते तसं राहू दिलंय, कामं होतात.

पैशाचं बोललंच पाहिजे, नाहीतर हे सगळं लिहिणं खोटं ठरेल. आशांना पगार नाही, मानधन आणि कामागणिक इन्सेन्टिव्ह आहे. पोर्टलवर एंट्री झाली नाही की केलेल्या कामाचे पैसे अडकतात. 2020 च्या जुलैमधे, कोविड ऐन भरात असताना, कर्नाटकातल्या आशा संपावर गेल्या होत्या, 12,000 रुपये महिना द्या आणि मास्क-किट द्या म्हणून. परत 2025 च्या जानेवारीत बेंगळुरूला फ्रीडम पार्कमधे थंडीत बसल्या तेव्हा सरकारनं महिन्याला किमान 10,000 चं आश्वासन दिलं. आमच्यातल्या काही गेल्या होत्या, काही नाही गेल्या. गेलेल्यांना वाटलं, ह्या घरात बसल्या आणि फायदा ह्यांनाही. न गेलेल्यांमधे एकीची सासू अंथरुणावर होती, एकीला नवऱ्यानं सोडलं नाही, एकीला काम जाईल म्हणून भीती. मी सरकारी माणूस, मी कुणाला जा किंवा जाऊ नका म्हणू शकत नाही. पण परत आल्यावर त्या अर्ध्या तासात दोन्ही बाजूंनी आपापलं सांगितलं, आणि न गेलेल्यांनी त्या दिवसांत गेलेल्यांच्या गावची लसीकरणाची कामं ओढली होती हे तेव्हाच सगळ्यांना कळलं. मला वाटतं माणसाला पैसे वेळेवर आणि पुरेसे मिळणं हा त्याच्या मनाच्या आरोग्याचा भाग आहे, आणि ज्या ट्रेनिंगमधे हे बोलायला बंदी असते ते ट्रेनिंग अर्धंच आहे.

2024 च्या जुलैमधे परत नद्या चढल्या. ह्या वेळी आम्ही पाणी यायच्या आधी खोलीत बसून यादी केली, पण ती गरोदर बायकांची नव्हती, ती यादी तर होतेच. ही आमची होती. कुणाचं घर सखल भागात आहे, कुणाच्या घरी म्हातारं माणूस आहे, कुणाचं लेकरू अंगावर पितंय. ज्यांची घरं पाण्यात जायची शक्यता त्यांनी पहिले दोन दिवस फक्त स्वतःचं घर हलवायचं, त्यांचं गाव उंचावरच्या जोडीदारणीनं बघायचं. निवारा केंद्रावर रात्रपाळी एकीनं सलग करायची नाही. कपडे, औषधं, रेशन कार्ड, बँक पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत. डॉक्टर मॅडमनी याला लेखी ऑर्डर दिली नाही पण तोंडी हो म्हटलं आणि वरनं फोन आला की स्वतः उत्तर दिलं, आशांवर ढकललं नाही. काम कमी झालं का? नाही. सातव्या-आठव्या महिन्यातल्या सगळ्या बायका आधीच नातेवाईकांकडं नाहीतर दवाखान्याजवळ हलवल्या होत्या.

खानापूरकडची एक सिस्टर मला म्हणाली, आमच्याकडं हे जमायचं नाही, भीमगडच्या जंगलातली गावं, पावसाळ्यात पेशंट खांद्यावरनं आणावा लागतो, आशा महिन्यातनं एकदा भेटली तरी खूप. तिचं बरोबर आहे. मी तिला म्हटलं मग अर्धा तास राहू दे, जोडी तरी लाव, रेंज असेल त्या दिवशी एकीनं दुसरीला फोन करायचा, आणि फोनवर पहिला प्रश्न कामाचा विचारायचा नाही. तिनं दोन जोड्यांपासून सुरुवात केलीय. एका जोडीतल्या आशाच्या गावात रेंजच नाही, तिच्यासाठी आठवडी बाजाराचा दिवस ठरवलाय, त्या दोघी तिथं बसस्टँडवर भेटतात.

नवीन सुरू करणाऱ्या सिस्टरनी डॉक्टरांकडनं वेळ आधी मागून घ्यावी, वही-पेन खोलीत नेऊ नये, आणि पहिल्या दिवशी मोबाईल चार्जर आणि नेट चालणारा एक फोन मात्र नक्की न्यावा.